एकाच नावाचे दोन चौकोन

मुलांनो, तुमच्या घरी भिंतीवर जो मोठा तक्ता लागला आहे, त्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे आपल्या बाजूला, तुमच्या आजोबांच्या शेजारी एकाच नावाच्या दोन बायका आहेत. ती छपाईची चूक नाही. मी स्वतःला दोनदा लिहिलेलंही नाही. हे मी मराठीत लिहिते आहे, कारण जे घडलं ते मराठीत घडलं. तुमची आई वाचून दाखवील. तिला मी आधी फोन केला होता; तिला हे लहानपणापासून माहीत होतं, असं ती म्हणाली. तुम्ही अडलात तर तिला विचारा आणि उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल.

सुरुवात तुमच्या तिकडच्या आजीने केली. फेब्रुवारीत तिने पुठ्ठ्याच्या नळकांड्यात घालून एक गुंडाळी इकडे बहरीनला, तुमच्या मामाच्या घरी, माझ्या नावे पाठवली. तुमच्या बाबांच्या घराण्याची वंशावळ होती ती. सोबत चिठ्ठी: हा तक्ता ती नव्याने छापून घेणार आहे, या वेळी त्यात तुमच्या आईची बाजूही हवी, तेव्हा माझ्या घराण्याची माहिती मी ईस्टरच्या आधी पाठवावी. मी तेहतीस वर्षं तालुक्याच्या हायस्कुलात इंग्रजी आणि इतिहास शिकवला. मला कुणी गृहपाठ दिला की आनंद होतो. त्याच दुपारी पेन्सिली टोकदार करून ठेवल्या.

इथल्या जिदहफ्स भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एवढा कागद पसरायला जेवणाचं टेबल सोडून जागा नाही. नळकांड्यात राहून कागद इतका वळला होता की चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवावी लागली. शब्दकोश, इस्त्री, डाळीची बरणी आणि माझा पितळी डबा. हा डबा मी गावाहून येताना रव्याचे लाडू भरून आणला होता. लाडू संपले, डबा राहिला. तो लक्षात ठेवा.

तुमची मामी सीफला ऑफिसात असते. ती घरी आली की आधी टेबलाकडे बघायची.

"आई, तुमचे इंग्रज जेवायला थांबलेत की जाणारेत? मला ताटं मांडायचीत."

"सोळाव्या शतकातले आहेत. त्यांना घाई नाही."

"मला आहे. भाकऱ्या गार होतायत."

मग मी गुंडाळी करायची आणि जेवणं झाली की पुन्हा पसरायची.

तक्त्याच्या सगळ्यात वर एक माणूस होता. त्याने मेंढ्यांच्या लोकरीवर पैसा केला होता. राजाने मठ मोडले तेव्हा त्याच्या मुलाने जवळच्या मठाची जमीन विकत घेतली, दगडी घर बांधलं आणि तिथून पुढे हे लोक स्वतःला जंटलमन म्हणवू लागले. सरदारांच्या खालचे, शेतकऱ्यांच्या वरचे. आपल्याकडचे खोत डोळ्यांसमोर आणा, म्हणजे साधारण कळेल. ढालीवर चिन्ह लावायचा मान खरा की खोटा, हे बघायला त्या काळी राजाचे तपासनीस जिल्ह्याजिल्ह्यातून फिरायचे. हे लोक त्यांच्यापुढे कागद घेऊन उभे राहायचे आणि बाप कोण, आजा कोण, कुठल्या लढाईत होता, ते सांगायचे. ज्याला सांगता येत नसे त्याचं नाव भर बाजारात वाचून दाखवायचे, की हा माणूस जंटलमन नाही. तुमच्या पूर्वजाने आपला एक पूर्वज थेट फ्रान्समधून राजाबरोबर जहाजातून आला असल्याचं सांगून टाकलं होतं. मला हसू आलं. आमच्या गावातही तीन घरं तरी अशी आहेत, ज्यांचा मूळपुरुष कुठल्या तरी राजाच्या घोड्यामागून कोकणात उतरला.

त्या तक्त्यात मुलगे वयाच्या क्रमाने होते. मुली शेवटी, एका ओळीत, 'अमक्याला दिली' एवढ्यावर. बायकांना मात्र बापाचं नाव होतं: अमुक, तमुक गावच्या तमक्याची मुलगी. ते वाचताना मी बोट ठेवून थांबले. आपल्याकडे तेवढंही नाही.

आपली बाजू लिहायला बसले, तर पुरुषांच्या सात पिढ्या अर्ध्या तासात झाल्या. तुमच्या आजोबांच्या वहीत होत्याच. बायका अडल्या. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल: आमच्या वेळी लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरत आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहीत असे. त्या दिवसापासून माहेरचं नाव संपलं. आडनावच नव्हे, पहिलं नावसुद्धा. म्हणून सात पिढ्यांच्या सात बायकांची सासरची नावं मला मिळाली. त्या जन्माला आल्या तेव्हा त्यांना कोणत्या नावाने उचलून घेतलं, ते एकीचंही नाही.

आणि मग माझा चौकोन आला.

मी तुमच्या आजोबांची दुसरी बायको. पहिली कावीळ होऊन गेली तेव्हा तिचा मुलगा आठ महिन्यांचा होता. तो मुलगा म्हणजे तुमचा मामा. मी त्या घरात आले तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि सासूबाईंच्या कडेवरून उतरत नव्हता. मी बी.ए. झालेली, शिकता शिकता वय वाढलेली. बिजवर चालेल असं माझ्या वडिलांनी परस्पर ठरवलं. लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं, तेव्हा तुमच्या आजोबांनी अंगठी हातात घेऊन आईकडे बघितलं. काय लिहू?

सासूबाई म्हणाल्या, "तेच लिही. भांड्यांवर घातलेलंच आहे."

पहिल्या लग्नात भांडी आली होती, घागर, परात, डबे, आणि त्या प्रत्येकावर नव्या सुनेचं नाव कासाराकडून ठोकून घातलेलं होतं. नाव बदललं असतं तर भांडी परक्याची दिसली असती. सासूबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या काटकसरी होत्या. अशा रीतीने मला त्या बाईचं नाव मिळालं आणि तिचा मुलगा मिळाला. पहिले काही महिने कुणी त्या नावाने हाक मारली की मी ओ द्यायला उशीर लावायची. मग सवय झाली.

मुलाच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव होतंच. शाळेत, पासपोर्टावर, सगळीकडे तेच गेलं. तुमचे आजोबा गेल्यावर मामाने मला इकडे आणलं, तेव्हाही तोच दाखला लागला. व्हिसाच्या कागदावर 'संबंध: आई' असं लिहिलेलं बघितलं आणि मी चष्मा पुसला. एकाही कागदात खोटं काही नव्हतं आणि एकाही कागदात ती नव्हती. घरात आम्ही दोघांनी, मी आणि मामाने, हा विषय एकदाही काढला नाही. गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे त्यालाही असणार, हे मला कळत होतं. पण बोललो नाही. बोलायचं नाही असं ठरवून नाही. वर्षं गेली आणि मग ते बोलणं फार मोठं झालं.

आता टेबलावर पेन्सिल घेऊन बसल्यावर प्रश्न सरळ होता. मामाच्या चौकोनातून वर जाणारी रेघ कुणाकडे न्यायची? त्याला मूलबाळ नाही. खाली रेघ नाहीच. वर एकच होती आणि ती माझ्याकडे यावी, एवढंच मला हवं होतं. मी पट्टी ठेवली, काढली. उठून गॅस बघितला. पुन्हा बसले. तिचा चौकोन काढला, शेजारी माझा काढला, दोन्हींत तेच नाव लिहिलं, आणि मामाची रेघ आजोबांच्या चौकोनाखाली नेऊन अधांतरी सोडून दिली. तेहतीस वर्षं मुलांच्या अर्धवट नकाशांवर मी लाल शाईने 'अपूर्ण' लिहीत आले. स्वतःची अपूर्ण आकृती फोटो काढून नातीला पाठवून दिली.

बाळे, तू ती कॉम्प्युटरवर चढवलीस आणि दुसऱ्या दिवशी मला लिहिलंस की, आजी, तू स्वतःला दोनदा लिहिलंस, प्रोग्रामनेच दाखवलं, मी दोन्ही चौकोन एक करून टाकले. पुढे हसरा चेहरा. सोबत नवं चित्र. एक नवरा, एक बायको, दोन मुलं, दोन नीट रेघा.

खरं सांगते, मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, खलास, झालं. मी खोडलं नाही, मशीनने खोडलं. उत्तरात 'थँक्यू' लिहिलं.

ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही. रोज काहीतरी चुकत होतं. आमटीत मीठ दोनदा. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागितली तर तो म्हणाला, "माताजी, आप सुबह भी ले गई थीं." घरी येऊन बघते तर फ्रिजमध्ये तीन जुड्या. मी उगाच कपाटं आवरली. आवरलेली होतीच, ती परत आवरली. मामी म्हणाली, "आई, शेजाऱ्यांचं कपाट आणून देऊ का? आपली संपली."

त्याच आठवड्यात तुमच्या तिकडच्या आजीचा व्हिडिओ कॉल आला. ती इतकी खूश होती की कॅमेऱ्यात नुसतं कपाळ दिसत होतं. त्यांच्या गावच्या जुन्या चर्चमध्ये जमिनीवरचा गालिचा बदलायला काढला, आणि खाली फरशीत बसवलेला पितळेचा पत्रा सापडला. कोरलेला. तिने त्यावर कागद ठेवून काळं मेण घासलं आणि ठसा उमटवून घेतला. तो तिने कॅमेऱ्यापुढे धरला. मधोमध दाढीवाला माणूस, हात जोडलेले. मठाची जमीन घेणाऱ्याचा हा मुलगा. आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बायका.

"दोन," ती म्हणाली. "आपल्या तक्त्यात एकच आहे! दोघींचं पहिलं नाव सारखं, बाप वेगळे. एक गेल्यावर दुसरी केली. आणि आमच्या लोकांनी दोघींची एक करून टाकली. एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही!"

मी विचारलं, अशी चूक झाली कशी?

तर म्हणाली, जुना तक्ता करणाऱ्याच्या हाती दुसरीचं मृत्युपत्र लागलं होतं. त्यात तिने कुणाला पिसांची गादी, कुणाला चांदीचा पेला, कुणाला चांगला काळा झगा असं वाटून दिलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी 'माझा मुलगा', 'माझी मुलगी' असंच म्हटलं होतं. त्या काळी तसं म्हणायची रीत होती. त्यावरून करणाऱ्याने धरून चाललं की सगळी तिचीच.

"पण पितळ खोटं बोलत नाही," ती म्हणाली आणि ठसा खाली सरकवला. माणसाच्या पायांखाली, पहिल्या बायकोच्या बाजूला, सहा मुलं ओळीने उभी होती, काडेपेटीतल्या काड्यांसारखी. "प्रत्येक आईखाली तिची मुलं कोरायचे. बघ. सहाही पहिलीची."

"आणि दुसरीच्या खाली?"

"काही नाही. कोरं."

तिने ठसा गुंडाळला. तक्ता छापायला जायच्या आत तिला सापडलं, हा तिच्या मते देवाचाच हात. ती आता सहाही मुलांच्या रेघा हलवणार होती. "चला, बिचारीला तिची मुलं परत मिळाली," असं म्हणून तिने मला विचारलं, तुमची बाजू पूर्ण आहे ना?

मी हो म्हटलं. इंग्रजीत हो म्हणणं फार सोपं असतं.

फोन ठेवल्यावर मी टेबलाशी गेले. कोपऱ्यावर पितळी डबा होता. तो मी रोज पुसते. वळवला. नाव होतं, नावाखाली तारीख. ती तारीख माझ्या लग्नाच्या चार वर्षं आधीची आहे. ती मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. लाडू भरतानाही ठाऊक होती.

मामा सित्राला रिफायनरीत आहे. कंपनीची बस पहाटे नेते, दुपार टळल्यावर आणून सोडते आणि आला की तो बोलण्याच्या अवस्थेत नसतो. म्हणून शुक्रवारच्या सुट्टीपर्यंत थांबले. शुक्रवारी सकाळी मामी आंघोळीला गेली, मामा चहाचा दुसरा कप घेऊन मोबाईल बघत होता. मी तक्ता पसरला, चारही वजनं ठेवली, आणि त्याच्यासमोर बसले.

"मला तुझ्या आईचं माहेरचं नाव हवंय," मी म्हटलं. चार दिवस तयार केलेली वाक्यं होती. त्यातलं एकही आलं नाही.

त्याने मोबाईल पालथा ठेवला.

"कशाला?"

"तक्त्यात लिहायला. नाहीतर आम्ही दोघी एक होतोय."

तो तक्त्यावर वाकला. चहावर साय धरली. मग म्हणाला, "तुला वाटतं मला माहीत असेल?"

"तुला हे कधी कळलं, तेवढंच सांग."

"सातवीत. शिमग्याला गावी गेलो होतो. पालखी नाचवून आलो तर काकू म्हणाली, तुझी आई असती तर किती कौतुक केलं असतं. मी म्हटलं, आहे की, स्वयंपाकघरात आहे." तो थोडा हसला. "मग तिने सांगितलं. रडली पण. मला भूक लागली होती."

"मला का नाही विचारलंस?"

"तू कुठे बोललीस? मला वाटलं, हा विषय घरात काढायचा नसतो. बाबांच्या बिडीचा काढत नव्हतो, तसा."

तो उठला, साय काढून टाकली, परत आला.

"पहिल्यांदा इकडे यायचं होतं ना, तेव्हा गेलो होतो त्यांच्याकडे," तो म्हणाला. "तिच्या माहेरी. तुला सांगितलं होतं, मित्राच्या लग्नाला जातोय."

"नवा शर्ट घेऊन दिला होता मी."

"हां, तोच घालून गेलो. म्हातारी होती तिची आई. मी ओटीवर बसून विचारलं, तर तिला कळेचना मी कुणाबद्दल बोलतोय. मी आपलं भांड्यांवरचं नाव घेत होतो. त्या घरात त्या नावाची कुणी नव्हतीच." त्याने डब्यावर बोट ठेवलं, कोरलेल्या अक्षरांवर. "मग तिचा भाऊ, माझा मामा, बाहेर आला, त्याने सांगितलं म्हातारीला, कोण आलंय. तेव्हा म्हातारीने तिचं नाव घेतलं."

ते नाव त्याने मला सांगितलं. तीन अक्षरांचं, साधं. तीस वर्षं ते त्याच्याजवळ होतं. मी ते तिच्या चौकोनात लिहिलं, खाली तिच्या वडिलांचं गाव.

"आता तुझं सांग," तो म्हणाला.

"माझं काय?"

"तुझं माहेरचं नाव. सात पिढ्यांचं सांगतेस, तुझं कुठे मला माहीत आहे?"

एकावन्न वर्षांचा मुलगा, आणि खरंच त्याला माहीत नव्हतं. आई-वडील गेल्यावर, भाऊ गेल्यावर, ते नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं. मी सांगितलं. मोठ्याने म्हणताना आवाज भलताच निघाला, शाळेत हजेरी द्यावी तसा. त्याने ते एकदा म्हणून बघितलं आणि म्हणाला, "हे जास्त शोभतं तुला."

मी माझ्या चौकोनात लिहिलं. आता दोघी एक होण्याची भीती नव्हती. राहिली ती अधांतरी रेघ. मी पेन्सिल धरून बसले. मला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. आमच्या हायस्कुलात मी कितीतरी पालकांना सांगितलंय, निकाल काय लागेल याला घाबरू नका. आणि आता टोकदार पेन्सिलीलाच पुन्हा टोक काढू लागले.

"दे इकडे," तो म्हणाला.

त्याने पट्टी घेतली. तिच्या चौकोनाच्या खालच्या कडेपासून आपल्या चौकोनाच्या वरच्या कडेपर्यंत ठेवली. एकदा माझ्याकडे बघितलं. विचारलं नाही, फक्त बघितलं. मी मान हलवली. ती मान कशी हलली, ते मला आजही सांगता येणार नाही. आतून पाणी बंद झाल्याचा आवाज आला, म्हणजे मामी आता बाहेर येणार होती.

त्याने पट्टीवर डाव्या हाताची चार बोटं पसरून दाबली, पेन्सिल तिरकी धरली, जिभेचं टोक दातांत आलं, आणि श्वास रोखून एका दमात रेघ ओढली. मध्ये थांबायचं नाही, थांबलं की रेघ जाड होते, हे मी त्याला दुसरीत शिकवलं होतं, आमच्या घराच्या पायरीवर बसून, पाटीवर. एवढी वर्षं रिफायनरीत काम करून त्याचा हात जड झालाय. पण रेघ सरळ आली. वरपासून खालपर्यंत सारखी, तिच्यापाशी जाणारी.

मी रेघेत खोट काढायला वाकून बघितलं. काढण्यासारखं काही नव्हतं.

मामी केस पुसत आली. "झालं का इंग्रजांचं? यल्ला, आटपा, पोहे करतेय. टेबल मोकळं करा."

मामाने इस्त्री उचलली, मी शब्दकोश आणि बरणी. तीन कोपरे सुटून कागद वळत आला आणि डब्याशी अडला. मामाने डबा दोन्ही हातांनी उचलला, त्यावरचं नाव एकदा वाचलं, आणि विचारलं, "लाडू परत कधी करणार आहेस?"